सोडियम-पोटॅशियम पंपासाठी अँटिबॉडी निवडताना काय तपासावे?

नेफ्रॉन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मूत्रपिंडाच्या नलिकापेशींना ऑक्सिजन कमी पडला की सोडियम-पोटॅशियम एटीपीएजचे, म्हणजे ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेणाऱ्या पंपाचे, प्रमाण घटते का, हे आम्हाला पाहायचे आहे. नमुने दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे रॅटच्या मूत्रपिंडाची ऊती आणि दुसरा म्हणजे कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून निघालेल्या एमडीसीके पेशी. वेस्टर्न ब्लॉट (जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने मेंब्रेनवर उतरवून शोधणे) आणि इम्युनोफ्लुओरेसन्स (प्रथिन पेशीत कुठे आहे ते चमकत्या रंगाने पाहणे) या दोन्हींसाठी एकच अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारे प्रथिन, चालली तर अनुदानातले पैसे वाचतील, असा विचार आहे.

सध्या प्रयोगशाळेत आधीपासून पडून असलेली अल्फा-१ची (पंपाच्या मुख्य साखळीच्या एका प्रकाराची) अँटिबॉडी वापरून पाहिली. नमुना बफर घालून ९५ अंशांवर ५ मिनिटे, ८ टक्क्यांचे जेल, पीव्हीडीएफ मेंब्रेन, ५ टक्के दुधात ब्लॉकिंग, अशी आमची रुळलेली पद्धत आहे. १०० किलोडाल्टनच्या आसपास फिकट बँड दिसतो, पण जेलच्या तोंडाशी, वेलच्या अगदी खाली, जाड काळा पट्टा येतो आणि तिथून खाली ओघळ उतरल्यासारखा दिसतो. त्याच मेंब्रेनवर ॲक्टिन मात्र स्वच्छ येते. कॅटलॉग उघडला तर या एका प्रथिनासाठी डझनांनी अँटिबॉडीज आहेत आणि प्रत्येकीसमोर सगळ्याच वापरांच्या खुणा केलेल्या आहेत. कोणती घ्यावी आणि ती घेतल्यावर तिच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा?

शिवाय, पटलातल्या प्रथिनांसाठी हाच पंप लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखाच माल गेला का हे ताडण्याचा मापदंड) म्हणून वापरावा असे एका वरिष्ठांनी सुचवले आहे. त्याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

प्रयोगवही

अँटिबॉडी बदलण्याआधी नमुना उकळणे थांबवून पाहा. या पंपाची अल्फा साखळी सुमारे १,०२० अमिनो आम्लांची असून ती पेशीपटलातून १० वेळा आरपार जाते. चरबीत राहायला सोकावलेले हे तुकडे ९५ अंशांना उघडे पडले की एसडीएसने (नमुना बफरमधल्या डिटर्जंटने) त्यांना पुरते झाकण्याआधीच एकमेकांना चिकटतात, त्यांचा गोळा होतो आणि तो जेलमध्ये शिरतच नाही. तुम्हाला वेलखाली दिसणारा काळा पट्टा बहुधा तोच आहे. ॲक्टिनला पटलात बुडालेले तुकडे नाहीत, म्हणून त्याला उकळण्याचा त्रास होत नाही. ॲक्टिन नीट आले म्हणून नमुना नीट तयार झाला, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही.

एकाच लायसेटचे (पेशी फोडून मिळालेल्या द्रवाचे) तीन भाग करा. एक खोलीच्या तापमानाला अर्धा तास, दुसरा ३७ अंशांना अर्धा तास आणि तिसरा नेहमीप्रमाणे ९५ अंशांना ठेवून शेजारशेजारच्या लेनमध्ये चालवा. ट्रान्सफरच्या आधी वरचे स्टॅकिंग जेल कापून टाकू नका. बहुतेक जण सवयीने कापतात, आणि मग अडकलेले प्रथिन कुठे गेले याचा पुरावाच कचऱ्यात जातो. लायसिसनंतर सेंट्रिफ्यूज केल्यावर खाली बसणारा गाळही टाकू नका. सौम्य डिटर्जंट वापरला असेल तर पंपाचा मोठा भाग त्या गाळात सापडू शकतो. तो गाळ एका लेनमध्ये चालवून पाहिल्याशिवाय सुपरनॅटंटमधल्या (वर राहिलेल्या द्रवातल्या) आकड्यांना अर्थ नाही.

हा मुद्दा केवळ ब्लॉट देखणा दिसण्याचा नाही. गोळा किती होईल हे नमुन्यातल्या प्रथिनाच्या दाटपणावरही अवलंबून असते. म्हणजे दोन नमुने वेगवेगळ्या दाटपणाने उकळले तर त्यांच्या १०० किलोडाल्टनच्या बँडमध्ये फरक दिसेल आणि तो ऑक्सिजनमुळे पडला असे वाटेल.

आर्हुसकर

मी कामानिमित्त डेन्मार्कमध्ये असतो, आणि आमच्या गावाने या पंपावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. येन्स स्को यांनी १९५७ मध्ये आर्हुस विद्यापीठात खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करताना हे विकर ओळखले आणि त्याबद्दल त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

आता निवडीबद्दल. अल्फा साखळीचे चार प्रकार आहेत. अल्फा-१ जवळजवळ सर्वत्र असते आणि मूत्रपिंडात तर मुख्यतः तीच असते. अल्फा-२ स्नायू, हृदय आणि मेंदूतल्या ग्लायल पेशींत, अल्फा-३ मुख्यतः चेतापेशींत आणि अल्फा-४ वृषणात व शुक्रपेशींत आढळते. पहिल्या तिघींचे अनुक्रम सुमारे ८५ टक्के किंवा त्याहून अधिक जुळतात, त्यामुळे 'अल्फा-१ साठी' असे लेबल असलेली अँटिबॉडी खरोखर फक्त अल्फा-१ ओळखते की सगळ्या बहिणींना एकाच नजरेने पाहते, हे एपिटोप (अँटिबॉडी चिकटते तो प्रथिनाचा भाग) कुठे आहे त्यावर ठरते. जठरातला हायड्रोजन-पोटॅशियम एटीपीएजही याच कुळातला आणि जवळपास याच आकाराचा आहे. पुढेमागे जठराच्या ऊतीवर काम करणार असाल तर ते लक्षात असू द्या.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मोनोक्लोनलपैकी (एकाच पेशीवंशातून, म्हणजे क्लोनमधून, बनणाऱ्या एकसारख्या अँटिबॉडीजपैकी) एक म्हणजे ए-५ हा क्लोन. तो अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा बँकेकडून (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीवंशांच्या साठ्याकडून) मिळतो. ही बँक १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली आणि ती ना-नफा तत्त्वावर चालते, त्यामुळे दर बरेच कमी असतात. ए-५ हे क्लोनचे नाव आहे. अल्फाचा पाचवा प्रकार नावाची काही वस्तू नाही, आणि हा क्लोन अल्फाच्या सर्व प्रकारांना ओळखतो. तुमच्या मूत्रपिंडाच्या नमुन्यात त्याने बिघडत नाही, कारण तिथे प्रामुख्याने अल्फा-१ च आहे. मेंदूच्या ऊतीवर मात्र तो वापरून 'अल्फा-१ वाढली' असे लिहिणारे लेख वाचले की मी पुढचे वाचत नाही.

अल्फा-१ च हवी असेल तर ४६४.६ हा जुना, पुष्कळ वापरलेला क्लोन आहे. रॅटसाठी मॅकके-१ नावाचा आणखी एक आहे, पण त्याच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण तुमचा प्रश्न नेमका ऑक्सिजनच्या कमतरतेचा आहे.

मॅकके-१ चा एपिटोप साखळीच्या अगदी सुरुवातीच्या टोकाशी आहे आणि त्यात १८ व्या क्रमांकावरचे सेरीन येते. प्रोटीन कायनेज-सी या विकराने या सेरीनवर फॉस्फेट बसवले की ही अँटिबॉडी तिथे चिकटत नाही. स्वीडनर यांच्या गटाने १९९७ मध्ये याच गुणाचा उपयोग करून जिवंत पेशींत तिथे फॉस्फेट बसते हे दाखवले होते. आता दुसरी बाजू पाहा. फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या पेशींमध्ये ऑक्सिजन कमी झाला की प्रोटीन कायनेज-सी चा झीटा हा प्रकार याच १८ व्या सेरीनवर फॉस्फेट बसवतो आणि मग पंप पटलावरून पेशीच्या आत ओढला जातो, असे दाखवले गेले आहे. मूत्रपिंडातही तसेच घडत असेल आणि तुम्ही मॅकके-१ वापरत असाल, तर पंपाचे एकूण प्रमाण तसूभरही न बदलता तुमचा बँड फिका होईल. तुम्ही 'प्रमाण घटले' असे लिहाल आणि तपासणाऱ्यालाही ते पटेल, कारण अपेक्षा तशीच होती.

आणखी एक. ते १८ वे सेरीन रॅटच्या अल्फा-१ मध्ये आहे. माणूस आणि कुत्रा यांच्यात त्या जागी ग्लायसीन आहे. त्यामुळे तुमच्या एमडीसीके पेशींसाठी मॅकके-१ चा विचारही करू नका.

नेफ्रॉन

प्रयोगवही, आपण सांगितल्याप्रमाणे तीन तापमानांचा प्रयोग केला. खोलीच्या तापमानाच्या लेनमध्ये १०० किलोडाल्टनचा बँड ठसठशीत आला आणि वरचा पट्टा जवळपास नाहीसा झाला. ३७ अंशांचा निकालही तसाच आहे. ९५ अंशांच्या लेनमध्ये बरेचसे प्रथिन स्टॅकिंग जेलमध्येच अडकलेले दिसले.

आर्हुसकर, आमच्याकडे पडून असलेल्या अँटिबॉडीचा एपिटोप माहितीपत्रकात 'सुरुवातीच्या टोकाजवळ' एवढाच लिहिला आहे. आपला प्रतिसाद वाचल्यावर ती रॅटच्या नमुन्यांसाठी बाजूला ठेवली आहे.

आता पुढची अडचण. आमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की नॉकआउट पेशींमध्ये (ज्यांतून ते जनुकच काढले आहे अशा पेशींमध्ये) बँड नाहीसा झाल्याचे दाखवल्याशिवाय आजकाल कुणी अँटिबॉडी मान्य करत नाही. अशा नॉकआउट पेशी कुठे मिळतील?

तिसरी_बेंच

मिळणार नाहीत, आणि त्याचे कारण साधे आहे: अल्फा-१ शिवाय बहुतेक पेशी जगतच नाहीत. ज्या उंदरांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती काढल्या ते गर्भावस्थेतच मरतात. एकच प्रत असलेले जगतात. तेव्हा मार्गदर्शकांचा आग्रह तत्त्वतः बरोबर असला तरी या प्रथिनाला तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे त्यांना सविनय सांगायला हवे.

२०१६ मध्ये अँटिबॉडी-तपासणीसाठी एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले: जनुक काढणे किंवा दाबणे, अँटिबॉडीवर अवलंबून नसलेल्या पद्धतीने मिळालेल्या प्रमाणाशी ताडून पाहणे, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी वापरणे, टॅग लावलेले प्रथिन पेशीत घालणे, आणि अँटिबॉडीने पकडलेले प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणे. यातला पहिला मार्ग तुमच्यासाठी अर्धाच उघडा आहे. जनुक काढता येत नाही, पण एसआयआरएनएने (जनुकाचा संदेश रोखणाऱ्या छोट्या आरएनएने) दाबता येते. त्यात दोन पथ्ये आहेत. पंप पेशीत बराच काळ टिकतो, म्हणून एका दिवसात निकाल पाहू नका, ४८ ते ७२ तास जाऊ द्या; आणि बँड पूर्ण जाण्याची वाट पाहू नका, कारण तोपर्यंत पेशीच मेलेल्या असतील. दोन वेगवेगळ्या एसआयआरएनएंनी बँड सारख्याच प्रमाणात उतरला आणि मेंब्रेनवरचे बाकीचे बँड जागचे हलले नाहीत, तर माझ्या मते ते पुरेसे आहे.

त्याला ऊतींची जोड द्या. मूत्रपिंड, मेंदू, सांगाड्याचा स्नायू आणि वृषण यांचे नमुने एका जेलवर चालवा. केवळ अल्फा-१ ओळखणारी अँटिबॉडी आणि सगळ्या अल्फा ओळखणारी अँटिबॉडी यांचे चित्र इथे वेगळे पडायलाच हवे. न पडल्यास लेबलवर विश्वास ठेवू नका. पूर्ण नकारात्मक नमुना हवाच असेल तर एक गमतीदार सोय आहे. बहुतेक कुत्र्यांच्या पक्व तांबड्या पेशींमध्ये हा पंप नसतोच, पेशी पक्व होताना तो काढून टाकला जातो. तुम्ही कुत्र्याच्याच पेशींवर काम करत आहात, तेव्हा पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या मित्राकडून रीतसर परवानगीने थोडे रक्त मिळाले तर त्या तांबड्या पेशींची पटले एका लेनमध्ये घाला. मात्र पांढऱ्या पेशी नीट वेगळ्या काढा, नाहीतर त्यांच्यातला पंप दिसेल आणि डोक्याला ताप होईल.

आणखी एक वाट आहे, पण ती लांबची आहे. रॅटच्या अल्फा-१ वर वाबेन या पंप बंद पाडणाऱ्या विषाचा परिणाम फारसा होत नाही, माणसाच्या अल्फा-१ वर मात्र होतो. साखळीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या दोन अमिनो आम्लांच्या फरकामुळे हे घडते. त्यामुळे माणसाच्या पेशीत रॅटची अल्फा-१ घालून पेशी जगवता येते आणि मग मूळ जनुक काढता येते. पण दोन्हींना ओळखणाऱ्या ए-५ सारख्या क्लोनच्या तपासणीला याचा काहीच उपयोग नाही. तुमच्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप करू नये असे मला वाटते.

ब्लॉकिंग पेप्टाइडने बँड गेला, हा पुरावा काही जण मोठ्या अभिमानाने देतात. ज्या पेप्टाइडवर अँटिबॉडी बनवली ते पेप्टाइड तिला चिकटते, एवढेच त्यातून कळते. ती मेंब्रेनवर चुकीच्या प्रथिनाला चिकटत असेल तरी तोही बँड जाईलच.

सह्यकडा

लोडिंग कंट्रोलचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून लिहितो. ज्या प्रथिनाचे प्रमाण बदलते का हाच तुमचा प्रश्न आहे, तेच प्रथिन मापदंड म्हणून वापरणे हे उघडच चालणार नाही. पण इतरांच्या प्रयोगांतही ही सवय मला पटत नाही. थायरॉइड संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, पेशीतला सोडियम, ऑक्सिजन यांपैकी कशानेही या पंपाचे एकूण किंवा पटलावरचे प्रमाण बदलते. जो स्वतःच इतक्या गोष्टींना प्रतिसाद देतो त्याला तराजूतले वजन कसे मानायचे? पॉन्सो-एस या रंगाने मेंब्रेन रंगवून प्रत्येक लेनमधल्या एकूण प्रथिनाशी भागाकार करा. स्वस्त आहे, दहा मिनिटांत होते, आणि नंतर रंग धुऊन त्याच मेंब्रेनवर पुढचे काम करता येते.

आर्हुसकर

सह्यकडा यांच्याशी बव्हंशी सहमत, पण एक भेद करायला हवा. लेनमध्ये किती माल घातला हे सांगण्यासाठी हा पंप अयोग्य आहे. पटलाचा अंश नीट वेगळा झाला की नाही हे सांगण्यासाठी तो उत्तम आहे. पटलाच्या लेनमध्ये पंप ठळक, सायटोसोलच्या (पेशीतल्या द्रवाच्या) लेनमध्ये नाही, आणि सायटोसोलमधले जीएपीडीएच हे प्रथिन बरोबर उलट, असे दिसले की अंश स्वच्छ आहेत. ही खूण म्हणून वापरायला कुणाचा आक्षेप नसावा.

सह्यकडा

खूण म्हणून मान्य. आकड्याला भाजक म्हणून नाही.

नेफ्रॉन

हा भेद स्पष्ट झाला, धन्यवाद. मग एक शंका येते. पंप पटलावरून आत ओढला गेला पण मोडला गेला नाही, तर संपूर्ण लायसेटच्या ब्लॉटमध्ये काहीच फरक दिसणार नाही ना? अशा वेळी इम्युनोफ्लुओरेसन्सवर भिस्त ठेवावी का?

तिसरी_बेंच

अगदी बरोबर, आणि म्हणून केवळ लायसेटच्या ब्लॉटवर थांबू नका. पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना ४ अंशांना बायोटिन लावा, लायसिस करा, स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांवर पकडा आणि मग पकडलेला भाग व एकूण लायसेट अशा दोन्हींचा अल्फा-१ साठी ब्लॉट करा. बायोटिन घट्ट असल्याने मण्यांवरून प्रथिन उतरवायला बरेच जण उकळतात. तुमच्यासाठी ते वर्ज्य आहे. म्हणून डायसल्फाइड जोड असलेले बायोटिन घ्या, म्हणजे डीटीटी (असा जोड तोडणारे रसायन) घालून कमी तापमानालाच ते सुटेल. पकडलेल्या भागात ॲक्टिन दिसले तर बायोटिन पेशीच्या आत शिरले आहे आणि तो नमुना बाद समजावा.

एमडीसीके पेशी गाळणीच्या पडद्यावर वाढवत असाल तर बायोटिन खालच्या कप्प्यात घाला. नलिकापेशींमध्ये हा पंप खालच्या व बाजूच्या पटलावर असतो. वरून घातलेले बायोटिन घट्ट जोडांमुळे तिथे पोचणारच नाही, आणि पंपच नाही असा भ्रम होईल.

इम्युनोफ्लुओरेसन्स स्थान दाखवायला चांगले, मोजायला फसवे. ए-५ चा एपिटोप पेशीच्या आतल्या बाजूला आहे, म्हणून पटल सच्छिद्र केल्याशिवाय काही दिसणार नाही. पंप बाहेरून दिसतो अशा समजुतीने जिवंत पेशींवर ती अँटिबॉडी घालणारे मी पाहिले आहेत. नीट रंगलेल्या एमडीसीकेच्या थरात वरून पाहिल्यास मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. वरच्या पृष्ठभागावर चकाकी दिसली तर संशय घ्या. अपवाद आहेत: डोळ्यातल्या दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्यपेशींत आणि मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये हाच पंप वरच्या बाजूला असतो. पण मूत्रपिंडाच्या नलिकेत तसे नाही.

शीतपेटी

मी खरेदी सांभाळतो, म्हणून खरेदीच्या बाजूने थोडे. परदेशातून मागवलेले पार्सल विमानतळाच्या गोदामात अडकून ड्राय आइस संपल्याचा अनुभव आमच्याकडे आहे. अशा वेळी घाबरून अँटिबॉडी फेकून देऊ नका. आयजीजी (या अँटिबॉडीज ज्या प्रकारच्या असतात तो) हे दणकट प्रथिन आहे आणि ४ अंशांच्या आसपास काही दिवस सहज काढते. तिला खरा त्रास होतो तो वारंवार गोठवण्या-वितळवण्याने. आल्याबरोबर छोटे छोटे भाग करा, आणि ग्लिसरॉल नसेल तर एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

हायब्रिडोमा बँकेची अँटिबॉडी सुपरनॅटंट म्हणून घेतली तर तिच्यातले आयजीजीचे प्रमाण शुद्ध केलेल्या अँटिबॉडीपेक्षा पुष्कळ कमी असते. दुसऱ्या कंपनीच्या पत्रकातले १:१००० इथे लावले तर मेंब्रेन कोरी राहील. पातळपणा पटीत न मोजता मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये मोजा, ब्लॉटसाठी ०.२ ते ०.५ पासून सुरुवात करा, ऊतीवर रंगवण्यासाठी त्याच्या साधारण दहापट. पॉलिक्लोनल (प्राण्याच्या रक्तातून मिळवलेले अनेक अँटिबॉडीजचे मिश्रण) घेत असाल तर प्रकल्प संपेपर्यंत पुरेल इतकी एकाच लॉटची घेऊन ठेवा. लॉट बदलला की ती वेगळ्या सशाच्या रक्तातली वेगळी अँटिबॉडी असू शकते, बाटलीवरचे नाव तेच राहिले तरी. शोधनिबंधात क्लोन, कॅटलॉग क्रमांक, लॉट आणि आरआरआयडी (संशोधन-साहित्याचा ओळख क्रमांक) हे चारही लिहा.

नेफ्रॉन

मग असे ठरवत आहे: ब्लॉटसाठी ए-५, दुजोऱ्याला ४६४.६, एमडीसीकेमध्ये एसआयआरएनए, आणि दोन्ही नमुने न उकळता. बायोटिनचा प्रयोग फक्त एमडीसीकेवर करता येईल. पंपाची दुसरी, बीटा-१ साखळीही त्याच मेंब्रेनवर पाहावी असा विचार आहे. अल्फा झाल्यावर मेंब्रेन स्ट्रिप करून (आधीची अँटिबॉडी धुऊन काढून) बीटा लावले तर चालेल का?

प्रयोगवही

स्ट्रिप करायची गरज नाही. बीटा-१ ची साखळी मुळात ३५ किलोडाल्टनची आहे आणि साखरेच्या शाखांमुळे जेलवर ४५ ते ५५ च्या दरम्यान पसरट बँड देते. म्हणून ७० च्या मार्करवर मेंब्रेन आडवी कापा, वरचा तुकडा अल्फासाठी आणि खालचा बीटासाठी वापरा. पसरट बँड खरोखर बीटाच आहे याची खात्री पीएनजीएज-एफ या साखर काढणाऱ्या विकराने होते: साखर काढल्यावर तो ३५ च्या जवळ उतरायला हवा.

पण रॅटच्या ऊतीत इथे एक सापळा आहे. ऊतीत रक्त असते, रक्तात रॅटचे स्वतःचे आयजीजी असते, आणि त्याची जड साखळी बरोबर ५० किलोडाल्टनला येते. तुमची बीटाची अँटिबॉडी उंदरात बनलेली असेल तर उंदराच्या आयजीजीला ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून तिला दृश्य करणारी) रॅटच्या आयजीजीलाही चिकटू शकते, आणि मग बीटाच्या जागी तुम्ही रक्त मोजत बसाल. त्यातही ऑक्सिजन तोडलेल्या मूत्रपिंडात रक्ताचे प्रमाण वेगळे असणारच. रॅटच्या आयजीजीवर शोषून घेतलेली दुय्यम अँटिबॉडी मागवा, मूत्रपिंड काढण्याआधी सलाइनने धुऊन घ्या, आणि एका लेनचा तुकडा प्राथमिक अँटिबॉडी न लावता केवळ दुय्यम लावून चालवा. त्या तुकड्यावर ५० ला काही दिसले तर बीटाचे आकडे काढू नका.